कोई माशाचा रंग कसा पक्का होतो?

व्यापारात माल दोन प्रकारचा असतो. एक, जो विकत घेतल्या दिवशी जसा असतो तसाच पुढेही राहतो. लोखंड, काच, भांडी या प्रकारात येतात. दुसरा, जो घेतल्यानंतर बदलत जातो. कलमी रोप, वासरू, शर्यतीचे शिंगरू हा असा माल. पहिल्या प्रकारात डोळ्यांना दिसते त्याची किंमत द्यावयाची असते. दुसऱ्या प्रकारात पुढे काय होणार याचा अंदाज बांधून किंमत ठरवावी लागते, आणि येथेच जाणता व्यापारी कमावतो व नवखा गमावतो.

जपानचा रंगीत कोई मासा हा या दुसऱ्या प्रकारच्या मालाचा उत्तम नमुना होय. आपल्यापैकी काही बांधवांची शोभेच्या माशांची दुकाने आहेत, काहीजण बंगल्यांचे व हॉटेलांचे हौद बांधून देतात, आणि गिऱ्हाईक त्यांच्याकडेच मासेही मागते. अशा बांधवांना वारंवार एक तक्रार ऐकावी लागते: "तुम्ही दिला तेव्हा लालभडक होता, वर्षभरात फिका पडला." कधी उलटही होते. स्वस्तात दिलेले मळकट पिल्लू दोन वर्षांनी असे खुलते की विकणाऱ्यालाच हळहळ वाटावी. या दोन्ही गोष्टींमागे कारणे आहेत. ती समजून घेतली तर खरेदीत पैसा वाचतो आणि विक्रीत शब्द राहतो. म्हणून या लेखात कोईच्या पिल्लाचा रंग वाढीबरोबर कसा बदलतो याची माहिती देत आहोत.

किनखाबी मासा

जपानी भाषेत 'कोई' म्हणजे साधा कार्प मासा. रंगीत कोईला तेथे 'निशिकीगोई' म्हणतात. 'निशिकी' म्हणजे रंगीत रेशमी नक्षीचे विणलेले कापड. आपण ज्याला किनखाब म्हणतो त्याच जातीचे ते वस्त्र. तेव्हा निशिकीगोई म्हणजे किनखाबी मासा असेच म्हणावे लागेल.

या माशाचे मूळ गाव जपानच्या निईगाता प्रांतातील डोंगराळ भागात आहे. यामाकोशी आणि ओजिया ही नावे या धंद्यात प्रसिद्ध आहेत. येथे हिवाळ्यात प्रचंड बर्फ पडते. भातशेतीच्या पाण्यासाठी केलेल्या तळ्यांत शेतकरी खाण्यासाठी कार्प पाळीत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्यांत मधूनच लाल, पांढरे ठिपके असलेली पिल्ले दिसू लागली. शेतकऱ्यांनी ती खाण्याऐवजी वेगळी काढली, एकमेकांशी जोडली, आणि पिढ्यान् पिढ्या निवड करीत पक्क्या जाती तयार केल्या. १९१४ साली टोकियोच्या मोठ्या प्रदर्शनात हे मासे मांडले गेले आणि डोंगरातील हा हुन्नर साऱ्या जपानला कळला.

२३ ऑक्टोबर २००४ रोजी या भागात मोठा भूकंप झाला. तळी फुटली, रस्ते खचले, यामाकोशीच्या रहिवाशांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले. असंख्य मासे, त्यात पैदाशीचे जुने मासेही, नष्ट झाले. तरीही लोक परतले आणि वाचलेल्या माशांवर धंदा पुन्हा उभा केला. गमावलेली पैदाशीची जोडी बाजारात विकत मिळत नाही, कारण तिच्यामागे अनेक पिढ्यांची निवड असते.

या मालाची किंमत किती जाऊ शकते? २०१८ सालच्या ऑक्टोबरात हिरोशिमाच्या साकाई फिश फार्मच्या लिलावात एक कोहाकु जातीची मादी २० कोटी ३० लाख येनला गेली. त्या वेळच्या दराने हे सुमारे १३ कोटी रुपये होतात. ती मादी त्या वेळी ९ वर्षांची होती आणि तिची लांबी एक मीटरहून किंचित जास्त होती. वाचकांनी किमतीपेक्षा वयाकडे लक्ष द्यावे. नऊ वर्षांपूर्वी तीही लाखो पिल्लांपैकी एक होती.

रंग येतो कोठून?

कापडाचा रंग बाहेरून चढवतात. माशाचा रंग आतून वर येतो. माशाचे खवले काचेसारखे जवळजवळ पारदर्शक असतात. रंग असतो तो खवल्याच्या वरच्या व खालच्या कातडीतील बारीक पेशींत. या पेशी मुख्यतः तीन प्रकारच्या आहेत.

पहिल्या काळ्या रंगाच्या पेशी. हा काळा रंग मासा स्वतःच्या शरीरात तयार करतो. जपानी लोक त्याला 'सुमी' म्हणजे शाई म्हणतात. दुसऱ्या तांबड्या-पिवळ्या पेशी. लाल रंगाला ते 'हि' म्हणतात. हा रंग मात्र माशाला स्वतः तयार करता येत नाही. गाजराला, मिरचीला, कोळंबीला ज्या द्रव्यांमुळे तांबडा रंग येतो त्याच वर्गातील द्रव्ये खाण्यातून माशाच्या अंगात जातात आणि या पेशींत साठतात. तिसऱ्या चमकदार पेशी. त्यांत बारीक स्फटिक असतात व ते उजेड परतवतात. माशाचा शुभ्र पांढरा आणि त्यावरील चमक यांमुळे येते.

यातून व्यापाऱ्याने दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. खुराकाने लाल रंग गडद होईल, पण जेथे लाल पेशीच नाहीत तेथे कितीही खुराक दिला तरी लाल ठिपका उगवणार नाही. नक्षी वाणातून येते, खुराक फक्त तिच्यात रंग भरतो. दुसरी गोष्ट, या पेशी कातडीत वेगवेगळ्या खोलीवर असतात. खोल असलेला काळा रंग वरून निळसर-राखाडी सावलीसारखा दिसतो. नवख्याला तो मळ वाटतो. जाणकाराला ती पुढे वर येणारी शाई दिसते.

लाखांतून मूठभर

निईगातात मे-जूनच्या सुमारास मासे अंडी घालतात. मोठी मादी एका वेळी लाखो अंडी देते. उबदार पाण्यात चार-पाच दिवसांत जिरे बाहेर पडते. त्यानंतर सुरू होते निवड, आणि या धंद्याचे खरे कसब येथेच आहे.

निवडीची वेळ जातीप्रमाणे बदलते. 'शोवा' ही काळी, लाल व पांढरी जात. तिचे चांगले जिरे जन्मतःच काळे असते. म्हणून पहिल्या आठवड्यातच काळे जिरे ठेवतात व फिकट काढून टाकतात. लाल व पांढरा रंग या काळ्यातून नंतर फुटून वर येतो. 'कोहाकु' ही पांढऱ्या अंगावर लाल नक्षीची जात. तिचे जिरे फिकट असते, दीड-दोन महिन्यांनी नक्षी ओळखता येऊ लागते, तेव्हा तिची पहिली निवड होते. त्या वेळी लाल रंग लाल नसतोच. पिवळट किंवा फिकट नारिंगी असतो. शरद ऋतूपर्यंत तीन-चार वेळा निवड होते. वाकड्या तोंडाचे, अपंग कल्ल्याचे, एकरंगी, नक्षी नसलेले सर्व बाद होतात. लाखांतून काही हजार राहतात, आणि त्यांतूनही खरोखर जपण्याजोगे मूठभरच.

येथे व्यापाराचे एक मोठे सूत्र आहे. ज्या माशाचा रंग व अंग पुढे सुधारेल असे पैदासकाराला वाटते त्याला 'तातेगोई' म्हणतात. तातेगोई तो स्वतःजवळ ठेवतो. जो मासा आजच त्याच्या सर्वोत्तम अवस्थेला पोहोचला आहे, किंवा ज्याच्यावर त्याचा भरवसा नाही, तो विक्रीस जातो. म्हणजे दुकानातील टाकीत जे पिल्लू सर्वांत लालभडक, सर्वांत काळेभोर व सर्वांत तयार दिसते, त्याच्याबद्दल पहिला प्रश्न हा विचारावा की पैदासकाराने ते हातचे का सोडले?

पहिले, दुसरे आणि तिसरे वर्ष

जपानी धंद्यात माशाचे वय पावसाळे मोजावेत तसे वर्षाने मोजतात. पहिल्या वर्षाचा 'तोसाई', दुसऱ्या वर्षाचा 'निसाई', तिसऱ्याचा 'सान्साई'. प्रत्येक वर्षी रंगात होणारे बदल वेगळे आहेत. कोहाकुचे उदाहरण घेऊ, कारण दोनच रंग असल्यामुळे बदल स्पष्ट दिसतो.

तोसाईची कातडी पातळ असते. डोके पिवळसर दिसते, कारण कातडीखालचे हाड दिसत असते. पांढरा रंग दुधासारखा दाट नसतो. लाल रंग नारिंगीकडे झुकलेला असतो. लाल ठिपक्याच्या डोक्याकडील कडेवर एक धूसर पट्टा दिसतो. तेथे पांढऱ्या खवल्याखाली लाल रंग झाकलेला असतो. या पट्ट्याला 'साशी' म्हणतात. ठिपक्याच्या शेपटीकडील कडेला 'किवा' म्हणतात. लहान वयात साशी धूसर असणे हा ऐब नव्हे. वय वाढले, कातडी जाड झाली, की ती आवळत जाते व कड साफ होते. किवा मात्र लहानपणीही नीट, कात्रीने कापल्यासारखी असावी. साडीचा काठ विणतानाच सरळ पडला नाही तर पुढे धुण्याने सरळ होत नाही, तसेच हे.

निसाईत अंग झपाट्याने वाढते. खवल्यांची संख्या वाढत नाही, प्रत्येक खवला मोठा होतो. त्यामुळे नक्षी ताणली जाते. पिल्लाच्या अंगावर जे ठिपके एकमेकांना चिकटून गच्च वाटत होते, ते मोठ्या अंगावर सुटे व शोभिवंत होतात. उलट जे पिल्लू लहानपणी नेमके प्रमाणात दिसत होते, ते मोठे झाल्यावर रिकामे दिसू शकते. म्हणून जाणकार जड, ठळक नक्षीचे पिल्लू पसंत करतात. लहान सुटे लाल शिंतोडे पुष्कळदा नाहीसे होतात, त्यांच्यावर हिशेब बांधू नये. याच वर्षी लाल रंग तात्पुरता पातळ झालेला दिसतो, कारण तितकाच रंग मोठ्या क्षेत्रावर पसरतो. अनेक गिऱ्हाईके नेमकी येथेच घाबरतात.

सान्साई व त्यापुढे वाढ मंदावते व रंग घट्ट बसू लागतो. लाल रंगाला दळ येते, म्हणजे त्यातून खवल्यांच्या रेषा दिसेनाशा होतात. पांढरा रंग दाट होतो. नर व मादी यांत येथे फरक पडतो. नर लवकर रंगतो, लहान वयातच तयार दिसतो, पण अंगाने बारीक राहतो. मादी उशिरा रंगते, मोठी होते व तिचा रंग अधिक काळ टिकतो. दोन तोसाई शेजारी ठेवले आणि एक गडद व दुसरा फिका असला, तर गडद तो बहुधा नर असण्याचा संभव असतो. मोठ्या किमती साधारणतः माद्यांना येतात हे लक्षात घेता, फिक्याकडे दुर्लक्ष करणे महाग पडू शकते.

जातीप्रमाणे वेगळा हिशेब

सर्व जातींना एकच माप लावू नये.

'सांके' या जातीत पांढऱ्या अंगावर लाल नक्षी व थोडे काळे ठिपके असतात. त्यातील काळा रंग मोठा फसवा आहे. काही वाणांत तो पहिल्या वर्षी दिसतो, दुसऱ्या वर्षी बुडून जातो व तिसऱ्या-चौथ्या वर्षी पुन्हा वर येऊन काळाकुळीत होतो. ज्याला हे ठाऊक नाही तो दुसऱ्या वर्षी मासा मातीमोल विकतो. ज्याला त्या माशाचे आईबाप ठाऊक आहेत तो थांबतो. येथे डोळ्यांपेक्षा वंशावळीची माहिती अधिक कामाची.

शोवाची पैदास १९२७ साली सुरू झाली. या जातीत पिल्लांचे पुढचे पर पूर्ण काळे असतात. वय वाढते तसा हा काळा रंग आकसत जाऊन पराच्या मुळाशी गोळा होतो. तेव्हा काळ्या पराचे शोवा पिल्लू पाहून नाक मुरडू नये. शोवाचा रंग बसण्यास कोहाकुपेक्षा अधिक काळ लागतो.

'आसागी' ही पाठीवर निळसर जाळीची व पोटाकडे लाल रंगाची जात आहे. तिचा लाल रंग वयाबरोबर वर चढत जातो. लहानपणीच तो बाजूंवर उंच गेलेला असेल तर मोठेपणी पाठीची निळाई झाकण्याची भीती असते. येथे कमी लाल असलेले पिल्लू चांगले.

'चागोई' हा चहाच्या रंगाचा साधा मासा आहे. पिल्लू अनेकदा हिरवट-मातकट दिसते व दुकानात कोणी त्याकडे पाहत नाही. पण तो भराभर वाढतो, माणसाच्या हातून खाण्यास लवकर शिकतो व त्याला पाहून इतर मासेही धीट होतात. मोठ्या हौदाच्या मालकाला हा जरूर सुचवावा.

शेवटी 'कुमोनर्यु'. याचा काळा रंग आयुष्यभर ऋतूप्रमाणे कमी-जास्त होतो. तो विकताना हे आधीच सांगून ठेवावे, म्हणजे पुढची तक्रार टळते.

पाणी आणि खुराक

निईगातात उन्हाळ्यात मासे डोंगरातील मातीच्या तळ्यांत सोडतात व ऑक्टोबरात जाळे लावून बाहेर काढतात. चिकणमातीचे गढूळ पाणी, नैसर्गिक खाद्य, भरपूर जागा यांमुळे तेथे अंग भरते व कातडीला तजेला येतो. हिवाळ्यात त्यांना छपराखालील हौदांत ठेवतात. थंड पाण्यात वाढ मंदावते, पण रंग घट्ट होतो, असा पैदासकारांचा अनुभव आहे. सतत कोमट पाण्यात व भरपूर खाण्यावर ठेवलेला मासा लवकर मोठा होतो, पण त्याचा रंग सैल पडतो. वाढ आणि रंग ही दोन्ही एकाच वेळी ओढून मिळत नाहीत. घाईने मोठा केलेला मासा हा विरळ विणलेल्या थानासारखा असतो. लांबी भरते, पोत भरत नाही.

रंगासाठी खुराकात स्पिरुलिना नावाचे शेवाळ, कोळंबी, क्रिल वगैरे देतात. स्पिरुलिनातील पिवळ्या द्रव्याचे लाल द्रव्यात रूपांतर करण्याची शक्ती कार्पच्या शरीरात असते. पण हा खुराक प्रमाणात हवा. अति दिला तर पांढऱ्या भागावर पिवळट-गुलाबी झाक येते, आणि पांढरा बिघडला की लालचीही शोभा जाते. रंगाचा खुराक पाणी उबदार असेपर्यंतच उपयोगी. पाणी १० अंश सेल्सिअसच्या खाली गेले की माशाची पचनशक्ती मंदावते व खाणे बंद ठेवतात. पाणी खराब असेल, माशाला ताण असेल, तर कोणताही खुराक रंग आणीत नाही. लाल रंगावर कधी बारीक काळे ठिपके उठतात, त्यांना 'शिमी' म्हणतात. त्याने माशाची किंमत घसरते.

टाकीच्या रंगाचाही परिणाम होतो. पांढऱ्या किंवा फिकट निळ्या टाकीत मासा आपला रंग आखडून फिका दिसतो, गडद टाकीत गडद दिसतो. हा बदल तात्पुरता असतो. खरेदीच्या वेळी टाकी कोणत्या रंगाची आहे हे पाहूनच मनात दर करावा.

शोभेच्या माशांच्या धंद्यात काहीजण संप्रेरकाची औषधे देऊन पिल्लांचा रंग अवेळी वर आणतात. काही लोकांनी काचमाशांना सुईने रंग टोचून विकल्याचेही जगजाहीर आहे. असा रंग काही दिवस-महिने टिकतो, मग उतरतो, आणि मासाही खंगतो. ज्या पिल्लाचा रंग त्याच्या वयाला न शोभणारा भडक आहे ते स्वस्तातही घेऊ नये.

ठेवायचा की विकायचा?

जपानमध्ये 'आझुकारी' नावाचा एक व्यवहार आहे. गिऱ्हाईक मासा विकत घेते, पैसे चुकते करते, पण मासा उन्हाळाभर पैदासकाराच्याच तळ्यात ठेवते. शरद ऋतूत तो बाहेर काढला जातो. रंग खुलला तर फायदा गिऱ्हाइकाचा. रंग बिघडला किंवा मासा मेला तर तोटाही गिऱ्हाइकाचाच. पैदासकार रंगाची हमी देत नाही, फक्त सांभाळण्याचा शब्द देतो. हे सर्व आधीच स्पष्ट बोललेले असते, म्हणून भांडण होत नाही. जो धंदा शेकडो वर्षे याच रंगांत मुरला आहे तोही पिल्लाच्या रंगाची हमी देत नाही, यातून आपण समजावे.

आता दुकानदाराचा हिशेब पाहू. समजा, आपण १५० रुपयांप्रमाणे ४० पिल्ले घेतली. खरेदी ६,००० रुपये. वर्षभराचा खुराक, वीज, पाणी, औषध मिळून १४,००० रुपये धरू. एकूण २०,००० रुपये झाले. समजा १० पिल्ले मेली. उरलेल्या ३० पैकी २४ साधी निघाली व ५०० रुपयांप्रमाणे विकली, तर १२,००० रुपये आले. म्हणजे फक्त भांडवल परत येण्यासाठी उरलेल्या ६ माशांनी ८,००० रुपये दिले पाहिजेत, प्रत्येकी १,३०० रुपयांच्या वर. आकडे प्रत्येकाने आपल्या गावाप्रमाणे बदलावेत, पण हिशेबाची रीत हीच राहील. साऱ्या वर्षाचा नफा त्या पाच-सहा माशांवर अवलंबून असतो, आणि ते मासे खरेदीच्या दिवशी ओळखावे लागतात. ४० ऐवजी १५ पिल्ले घ्यावीत, पण एकेक निवडून घ्यावीत. जागा, पाणी व खुराक कमी लागेल आणि मासे कमी मरतील.

आपल्या बाजारात

मुंबईत क्रॉफर्ड मार्केटात किंवा कुर्ल्याच्या माशांच्या बाजारात विकली जाणारी लहान कोई बहुतेक देशातच पैदा झालेली असतात. कोलकाता परिसर आणि चेन्नईतील कोळत्तूर ही या पैदाशीची मोठी ठिकाणे. हा माल जपानी नावाने विकला जातो, पण त्यामागे जपानी निवड असेलच असे नाही. आईबापांची माहिती क्वचितच मिळते. त्यात आपल्याकडे पाणी वर्षातील बराच काळ कोमट असते, म्हणजे वाढ जलद व रंग सैल ही स्थिती आपोआप येते. यावर उपाय आहेत: हौद खोल असावा, दुपारच्या उन्हापासून अर्धी सावली असावी, गाळणी मोठी असावी, मासे कमी ठेवावेत, खाणे माफक द्यावे. याने निईगाताची थंडी येणार नाही, पण रंग पुष्कळसा सांभाळला जाईल.

पिल्लू निवडताना पाहावयाच्या गोष्टी

१. आधी अंग पाहावे, मग रंग. पाठीचा कणा सरळ, खांदे भरलेले, तोंड व कल्ले निर्दोष असावेत. वाकडे अंग रंगाने सुधारत नाही.

२. पांढरा रंग स्वच्छ असावा. पिवळट डोके वयाने सुधारते, पण अंगावरचा मळकट पांढरा क्वचितच सुधारतो. पांढरी जमीन हेच या किनखाबाचे अस्तर आहे.

३. लाल रंग एकसारखा असावा. फिका चालेल, पण एके ठिकाणी दाट व एके ठिकाणी विरळ नको. एकसारखा फिका नारिंगी पुढे दाट होतो. ठिगळासारखा लाल पुढे फुटतो.

४. शेपटीकडील कड साफ असावी. डोक्याकडील धूसर पट्ट्याला घाबरू नये.

५. काळ्या रंगाच्या जातीत वर आलेल्या काळ्याबरोबर खालची निळसर सावलीही पाहावी. ती उद्याची शाई आहे.

६. नक्षी मोठ्या अंगावर कशी दिसेल याची कल्पना करावी. पिल्लू दुप्पट-तिप्पट लांब झाले तर ठिपके कोठे जातील, हे मनात आखून पाहावे.

७. मासा वरून, फिकट भांड्यात, दिवसाच्या उजेडात पाहावा. रंगीत दिव्याखाली कापडाचा रंग पारखीत नाहीत, माशाचाही पारखू नये.

८. शक्य असेल तर वय व आईबाप विचारावेत. वय कळल्याशिवाय रंगाचा अर्थ लागत नाही.

विकणाऱ्याचा शब्द

शेवटची गोष्ट विकणाऱ्यासाठी. गिऱ्हाईक पिल्लाचा हात लावून रंग पाहू शकत नाही, ते आपल्या शब्दावर विश्वास ठेवते. "हा रंग कायम राहील" हे वाक्य कोई विकताना कोणीही उच्चारू नये, कारण ते कोणालाच ठाऊक नसते. त्याऐवजी एवढे सांगावे: हे पिल्लू इतक्या महिन्यांचे आहे, दुसऱ्या वर्षी लाल पातळ दिसेल, घाबरू नका, पाणी असे ठेवा, खुराक इतका द्या, बारीक शिंतोडे कदाचित जातील. मालाचा ऐब सांगून विकण्याची आपल्या पेठांची जुनी रीत आहे, आणि बदलत्या मालात ती दुप्पट गरजेची आहे. दुकानात एक साधी वही ठेवून प्रत्येक चांगल्या पिल्लाची तारीख, लांबी व वरून काढलेला फोटो तीत ठेवला, तर दोन वर्षांनी आपल्याजवळ स्वतःच्या हौदाचा, स्वतःच्या पाण्याचा अनुभव जमा होईल. निईगाताच्या शेतकऱ्यांनी हेच केले. वर्षानुवर्षे त्यांनी पाहिले, लक्षात ठेवले, आणि पुढच्या पिढीला दाखवले. रंग ओळखण्याची नजर अशीच तयार होते.